गुण्यात बसलेला व्हाइस

मिलिंग मशीनवरच्या साध्या व्हाइसमध्ये लोखंडाचा चौकोनी तुकडा, म्हणजे जॉब, धरायचा, त्याखाली दोन पॅरलल पट्ट्या ठेवायच्या, हँडल आवळायचे आणि मग त्या पट्ट्या बोटाने हलवून पाहायच्या. आवळण्यापूर्वी दोन्ही पट्ट्या जॉबच्या वजनाखाली सारख्याच दबलेल्या असतात. आवळल्यावर सरकत्या जबड्याकडची पट्टी सहज हलू लागते, कारण घट्ट बसण्याऐवजी जॉब त्या बाजूने उचलला गेलेला असतो. म्हणून जाणता कारागीर आवळल्यावर जॉबच्या डोक्यावर तांब्याच्या किंवा नायलॉनच्या हातोडीने एक-दोन ठोके देतो आणि पट्टी पुन्हा हलवून बघतो. ज्याला हे ठाऊक नसते त्याचा तुकडा मिलिंगनंतर गुण्यात येत नाही आणि सगळा राग मशीनवर निघतो. मशीन बिचारे सरळ चाललेले असते, तिरका असतो तो व्हाइसने धरलेला जॉब.

असे का होते, हे समजायला सोपे आहे. व्हाइसचा स्क्रू खाली असतो आणि जॉब वर. स्क्रू जबड्याला पायाशी पुढे ढकलतो, जॉब त्याला डोक्याशी मागे रेटतो. जबडा सरकायचा म्हणजे खाचेत थोडी तरी ढिलाई ठेवावीच लागते. तेवढ्या ढिलाईत तो मागे कलतो आणि कलताना जॉबची कड वर उचलतो. समजा जबड्याची बैठक ४० मिलिमीटर लांब आहे आणि खाचेत ०.०२ मिलिमीटर ढिलाई आहे. मग ४० मिलिमीटर रुंद जॉबची एक कड जवळजवळ तेवढीच, म्हणजे ०.०२ मिलिमीटर उचलली जाते. डोक्यावरचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो, त्यामुळे दार-खिडकीच्या कामात याची दखल घेण्याचे कारण नाही. पण ज्या कामात ०.०१ मिलिमीटरचा हिशेब ठेवायचा आहे, तिथे पहिल्याच आवळणीत दोन घरे चूक पदरात पडलेली असते. हा दोष घालवण्यासाठी मोठमोठे कारखाने झटले आहेत. अमेरिकेत मिनिॲपोलिसच्या कर्ट कंपनीचा अँगलॉक व्हाइस जगभरच्या मशीन शॉपमध्ये पोहोचला, तो नेमका याच गुणामुळे: स्क्रू एका तिरक्या पृष्ठातून आणि अर्धगोलातून जबड्याला रेटतो, त्यामुळे जबडा पुढे सरकताना खालीही ओढला जातो.

घरच्या छोट्या गाळ्यासाठी मात्र याहून साधी रचना आहे. तिला स्क्रूलेस व्हाइस म्हणतात. खाली एक आयताकृती ठोकळा, त्याच्या एका टोकाला त्याच अंगातून निघालेला स्थिर जबडा, मधून लांबवर एक आरपार खाच. सरकत्या जबड्याची जीभ या खाचेत उतरते. जबड्याच्या पाठीमागून एक ॲलन बोल्ट सुमारे ४५ अंशांत पुढे-खाली उतरतो आणि ठोकळ्याच्या पोटाकडून कापलेल्या खाचांपैकी एकीत अडकलेल्या आडव्या पिनेत आटे पकडतो. बोल्ट आवळला की जबडा पुढे येतो आणि त्याच दमात खाली दाबला जातो. लांब स्क्रू नाही, हँडल नाही, बाहेर काही डोकावत नाही, म्हणून हा व्हाइस कुशीवर किंवा टोकावर उभा करूनही वापरता येतो. या रचनेतली एक गोष्ट नुसत्या कागदावर तपासता येते. बोल्टची रेषा ४५ अंशांची असल्यामुळे ती जितकी वर जाते तितकीच मागेही जाते. जॉब ज्या उंचीवर धरला आहे त्या उंचीला ही रेषा जबड्याच्या बैठकीच्या मागे निघून गेली, तर जबडा पुन्हा मागे कलणार. बोल्टची रेषा जबड्याच्या पुढच्या कडेखालून निघते असे धरले, तरी बैठक जबड्याच्या उंचीपेक्षा आखूड असून चालणार नाही. घरी बनवलेले कितीतरी व्हाइस दिसायला देखणे असून उचल देतात, कारण सरकता जबडा उंच आणि आखूड ठेवलेला असतो.

आता मुख्य प्रश्न. असा व्हाइस घरच्या मशीनवर बनू शकतो का? चांगल्या प्रतीच्या कारखानी टूलमेकर्स व्हाइसमध्ये १०० मिलिमीटर लांबीत ०.००५ मिलिमीटरच्या आसपास समांतरता आणि काटकोन अपेक्षित असतो. घरगुती लेथ आणि छोटे मिलिंग मशीन एवढे खरे चालत नाही. मग जे मशीन स्वतः ०.०३ मिलिमीटर चुकते, त्याच्यावरून ०.००५ ची वस्तू कशी उतरेल? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा हा आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. माझे म्हणणे असे की या आक्षेपात एक गृहीत चुकीचे आहे. अचूकपणा मशीनमधून जॉबमध्ये ओतला जातो असे ते गृहीत. मशीन फक्त धातू काढते. अचूकपणा येतो तुलनेतून. चूक कुठे आणि किती आहे हे मशीनच्या चुकीपेक्षा बारीक दिसू लागले, की ती हाताने काढता येते. तसे नसते तर जगात पहिले अचूक मशीन कधी तयारच झाले नसते, कारण त्याच्या आधी त्याच्याएवढे अचूक काहीच नव्हते.

इतिहास याच बाजूने साक्ष देतो. लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले याच्या कारखान्यात सपाट पृष्ठाला फार मान होता. कामगारांच्या बाकावर तपासणीसाठी सपाट पाट ठेवलेले असत. तिथे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे सपाट पृष्ठे कशी तयार करावीत यावर निबंध वाचला. पद्धतीचे मर्म तीन पाटांत आहे. दोन पाट एकमेकांवर घासून जुळवले तर ते सपाटच होतील याची खात्री नाही. आपल्या जात्याकडे पाहिले की हे पटते. वरची आणि खालची तळी एकमेकींवर छान बसतात, तरी एक फुगीर आणि दुसरी खोलगट असू शकते. पण तिसरा पाट आणला आणि पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी असे तिघेही जुळले, तर फुगीर-खोलगट ही सोय उरतच नाही. तिघांनाही सपाट व्हावे लागते. जुळवताना पाट नव्वद अंशांत फिरवावाही लागतो, नाहीतर पिळाची चूक लपून राहते. या सगळ्यात आधीचा एकही सपाट पाट लागत नाही. लागतो तो पातळ रंग, स्क्रेपर आणि चिकाटी. एक पाट रंगवायचा, दुसऱ्यावर टेकवायचा, जिथे रंग उमटला तो उंचवटा, तेवढाच खरवडायचा. स्क्रेपरचा एक फटकारा काही मायक्रॉन धातू उचलतो. एवढ्या बारीक पावलाने चालणारा माणूस कुठल्या मशीनच्या चुकीत अडकत नाही.

दुसरा दाखला तर अक्षरशः घरातला आहे. स्वीडनमध्ये एस्किल्स्तुनाच्या बंदूक कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सनला १८९६ साली सुचले की मोजके पोलादी ठोकळे एकमेकांवर चढवून हजारो मापे उभी करता येतील. आज प्रत्येक तपासणी खोलीत दिसणाऱ्या स्लिप गेजचा जन्म हा. त्याच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून सुमारे २०,००० मापे मिळत. या ठोकळ्यांना शेवटचा हात देण्यासाठी त्याने घरी बायकोचे शिवणयंत्र बदलून त्यावर घासायचे चाक बसवले होते. शिवणयंत्रात मायक्रॉनची अचूकता कुठून असणार? यंत्र चाक फिरवत होते. घासायचे किती आणि थांबायचे कधी, हे मोजणी ठरवत होती. १९२३ साली हाच योहान्सन अमेरिकेत फोर्ड कंपनीत गेला. मोटारींचे सुटे भाग एकमेकांत बिनतक्रार बसावेत यासाठी अख्खा उद्योग ज्या मापांवर विसंबला, त्यांची सुरुवात घरातल्या शिवणयंत्रावर झाली होती.

हाच धागा पुढे छंदी कारागिरांनी धरला. ब्रिटनमध्ये 'मॉडेल इंजिनियर' हे नियतकालिक १८९८ पासून घरच्या गाळ्यात इंजिने, उपकरणे, व्हाइस बनवणाऱ्यांना शिकवत आले आहे. अमेरिकेत डेव्हिड गिंजरीने १९८० च्या दशकात छोट्या पुस्तकांची मालिका काढली. पहिल्या पुस्तकात कोळशाची भट्टी, मग त्या भट्टीत ॲल्युमिनियम ओतून लेथ, लेथच्या मदतीने शेपर, पुढे मिलिंग मशीन. लेथचे सरकते भाग हाताने खरवडून खरे करायचे. भंगारातून सुरू झालेली ही साखळी दर पायरीला आधीच्यापेक्षा चांगले यंत्र देते.

व्हाइस बनवताना ही तुलना प्रत्यक्षात कशी चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. माल निवडतानाच पहिली चूक होते. थंड ओढलेला चकचकीत बार हाताला सुबक लागतो, पण त्याच्या अंगात ताण कोंडलेला असतो. मधून लांब खाच काढली की दोन्ही बाजू उमलतात किंवा मिटतात. म्हणून आधी सगळीकडे अर्धा मिलिमीटर माल राखून ओबडधोबड आकार काढावा, ठोकळा ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून राखेत सावकाश थंड होऊ द्यावा, आणि मगच शेवटच्या मापाकडे जावे. ओतीव लोखंडाचा चांगला जुना ठोकळा मिळाला तर उत्तमच. कोल्हापूरच्या फौंड्र्यांच्या प्रदेशात त्याची वानवा नसावी. यानंतर क्रम महत्त्वाचा. आधी तळ सपाट, मग वरची सरकण्याची बैठक तळाला समांतर, मग दोन्ही कुशी एकमेकींना समांतर, मग कुशी तळाला गुण्यात आणि सर्वांत शेवटी स्थिर जबड्याचे तोंड. क्रम उलटला तर प्रत्येक पुढची पायरी मागची बिघडवते. समांतरता सरफेस प्लेटवर, म्हणजे तपासणीच्या सपाट पाटावर, डायल फिरवून लगेच कळते. काटकोनासाठी महागडा गुण्या हवाच असे नाही. सुतार आपला गुण्या कसा तपासतो? फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारतो, गुण्या उलटा फिरवून तिथेच दुसरी रेघ मारतो. दोन रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर चूक दुप्पट होऊन डोळ्यांसमोर येते. व्हाइसचा ठोकळाही असाच तपासतात. स्टँडच्या पायाशी एक गोल टेकू आणि वर डायल. ठोकळ्याची एक कूस टेकूला लावून आकडा वाचायचा, ठोकळा फिरवून दुसरी कूस लावायची. कुशी आधीच समांतर असल्यामुळे दोन आकड्यांतला फरक काटकोनाच्या चुकीच्या बरोबर दुप्पट असतो. ०.००५ ची चूक ०.०१ होऊन दिसते आणि ती साध्या डायललाही वाचता येते.

शेवटचा हात कसा द्यायचा यावर मतभेद आहेत. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर ठोकळा घासणे ही घरोघरची युक्ती. चमक झटपट येते, पण हात पुढे-मागे जाताना कडा जास्त झिजतात आणि पृष्ठ मधे फुगीर होते. व्हिटवर्थचा १८४० मधला मुद्दा हाच होता: एमरीने घासलेले पृष्ठ डोळ्याला गुळगुळीत दिसते आणि चूक झाकून टाकते. रंग लावून खरवडलेले पृष्ठ ठिपक्याठिपक्यांचे दिसते, पण कुठे टेकते आणि कुठे नाही हे उघड सांगते. माझा कौल खरवडण्याला. त्याला वेळ लागतो, मनगट दुखते, तरी प्रत्येक फटकाऱ्यानंतर आपण कुठे आहोत हे ठाऊक असते. इथे आणखी एक चोर लपलेला असतो, तो म्हणजे उष्णता. १०० मिलिमीटर पोलाद १० अंश तापले की ०.०११ मिलिमीटरहून जास्त लांबते. तळहातात धरून काम केलेला ठोकळा लगेच मोजला तर तो आकडा खोटा. जगभर मापे २० अंश सेल्सिअसला धरतात आणि आपल्याकडे मे महिन्यात गाळा चाळिशीला टेकतो, म्हणून इथे असले काम होणारच नाही असे कोणी म्हणेल. पण ठोकळा पोलादी आणि मापही पोलादी असेल आणि दोन्ही एकाच प्लेटवर तासभर शेजारी ठेवले असतील, तर दोघेही सारखेच वाढतात आणि तुलना खरी उतरते. काम संध्याकाळी करावे, मोजणी सकाळी.

आता कठीणपणाचा आक्षेप. कारखानी व्हाइसला पाणी दिलेले असते. तो ओरखडत नाही. घरी ओएचएनएस या तेलात कठीण होणाऱ्या पोलादाला सुमारे ८०० अंशांवर नेऊन तेलात बुडवता येते आणि नंतर २०० अंशांवर मऊपणाचा हात देता येतो, हे खरे. पण लांब खाच असलेला ठोकळा असा बुडवला की तो वाकतो, आणि मग त्याला खरे करायला ग्राइंडिंग मशीनच लागते, कारण कठीण पोलाद स्क्रेपरला दाद देत नाही. शिवाय तापलेल्या तेलाचा भडका घरात उडवण्यासारखी गोष्ट नाही. मला वाटते, घरच्या व्हाइसचे अंग मऊच ठेवावे. हवे तर जबड्यांना कठीण पट्ट्या बोल्टने बसवाव्यात. त्या लहान असतात, वाकल्या तरी बदलता येतात. कारखान्यांतही सॉफ्ट जॉ मुद्दाम वापरतात, जॉबला वळ उठू नयेत आणि जबडा हवा तेव्हा पुन्हा खरा करता यावा म्हणून. मऊ व्हाइस ओरखडेल, पण ज्याने तो खरा केला तो पुन्हा खरा करू शकतो.

सर्वांत व्यवहारी आक्षेप उरतो: बाजारात पाणी दिलेला, ग्राइंड केलेला छोटा स्क्रूलेस व्हाइस तयार मिळतो, मग महिनाभर कशाला झिजायचे? ज्याच्या हातात उद्या द्यायची ऑर्डर आहे त्याने विकतच घ्यावा, यात मला शंका नाही. मोठ्या मिलिंगसाठी लागणारा जड व्हाइसही घरी बनवण्याच्या भानगडीत पडू नये; तिथे वजन आणि ओतकाम हेच निम्मे काम असते. पण विकतच्या छोट्या व्हाइसवर लिहिलेला आकडा खरा आहे की नाही हे कोण तपासणार? तपासायला तीच सरफेस प्लेट, तोच डायल, तीच फिरवून मोजण्याची रीत लागते. ज्याला ही रीत येत नाही त्याच्यासाठी कारखान्याचा आकडा म्हणजे केवळ भरवसा. ज्याला येते, तो स्वस्त व्हाइस घेऊनही त्याचा तळ आणि जबडा सुधारून घेतो. आपल्या आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण कानस आणि गुण्यापासून सुरू होते. पट्टी कानसायची, उजेडासमोर गुण्या लावायचा, फट दिसली की पुन्हा कानस. मुलांना तो कंटाळवाणा धडा वाटतो. व्हाइस हा त्याच धड्याचा पुढचा भाग आहे आणि त्याचे फळ आयुष्यभर बाकावर राहते. प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येकाने असा एक व्हाइस बनवून स्वतःबरोबर घरी न्यावा, असे मला मनापासून वाटते.

बनवलेला व्हाइस वापरतानाही शिस्त तीच. जॉबच्या कडांवरचे बर, म्हणजे धारदार कंगोरे, आधी काढावेत, कारण एक बारीक बर ०.०५ मिलिमीटर सहज उचलतो. तळ आणि बैठक ब्रशने, मग तळहाताने पुसावी. फडक्याला न सापडणारा कीस तळहाताला टोचतो. जॉब शक्यतो खाली धरावा, जबड्याच्या डोक्याशी नको. ओबडधोबड जॉबची पहिली बाजू खरी झाली, की ती बाजू स्थिर जबड्याला लावावी आणि सरकत्या जबड्याच्या व जॉबच्या मधे पितळेची किंवा पोलादाची गोल कांडी आडवी ठेवावी. कांडी एकाच रेषेत दाबते, त्यामुळे जॉबची खडबडीत बाजू काहीही सांगो, खरी बाजू स्थिर जबड्याला सपाट चिकटते. व्हाइस मशीनवर बसवल्यावर स्थिर जबड्यावर डायल फिरवून घ्यावा. अंगावरच्या जुन्या खुणांवर विसंबू नये.

व्हाइस बनवण्यासाठी माल आणायला निघण्याआधी एक काम करा. सध्या बाकावर जो व्हाइस आहे त्यात एक चौकोनी ठोकळा हलका धरा, सरकत्या जबड्याकडच्या कडेवर डायल टेकवा, शून्य करा आणि नेहमीच्या जोराने आवळा. काटा किती घरे सरकतो तो आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. नव्या व्हाइसला त्याच्याशीच स्पर्धा करायची आहे.